बोर्डिंगचा कागद आणि कुत्र्याची ढास

गणपती जवळ आले की आमच्या ऑफिसात दोन मेसेज हमखास फिरतात. पहिला मॅनेजरचा - कोण किती दिवस सुट्टीवर आहे ते शीटमध्ये भरा. दुसरा कुणातरी कुत्रेवाल्याचा - केनेल कफची लस आजच्या आज कुठे मिळेल? आजच्या आज, कारण उद्या पहाटे कोकणात निघायचंय, रात्री कुत्रा बोर्डिंगला सोडायचाय, आणि बोर्डिंगवाल्याने बजावलंय की लशीचा कागद नसेल तर गेटच्या आत घेणार नाही. मग लंच ब्रेकमध्ये कुठलंतरी क्लिनिक गाठलं जातं, कुत्र्याच्या नाकात थेंब जातात, पुस्तकात स्टिकर चिकटतो आणि साहेब डेस्कवर परत येऊन म्हणतात, हुश्श, एक काम झालं.

काय काम झालं?

ही नाकातून द्यायची लस घेतल्यावर बोर्डेटेला नावाच्या जंतूविरुद्ध संरक्षण तयार व्हायला साधारण तीन दिवस लागतात. त्याच थेंबात पॅराइन्फ्लुएन्झा विषाणूविरुद्धचा जो भाग असतो, त्याला तीन आठवडे. म्हणजे दुपारी लस घेऊन रात्री बोर्डिंगला गेलेला ब्रुनो त्या रात्री, दुसऱ्या रात्री आणि बहुतेक तिसऱ्या रात्रीही तितकाच उघडा आहे, जितका तो सकाळी होता. फरक एवढाच की आता त्याच्याकडे कागद आहे. आणि लशीची तारीख त्या स्टिकरशेजारी पेनाने लिहिलेली असते. बोर्डिंगवाला ती वाचू शकतो. वाचत नाही. त्याला कागद 'आहे' एवढंच हवं असतं. आमच्या धंद्यात याला टेस्ट न चालवता रिपोर्ट हिरवा करणं म्हणतात, आणि असं करणाऱ्याला कधी ना कधी रात्री दोन वाजता क्लायंटचा फोन येतो.

आधीच सांगतो, लस भंपक आहे वगैरे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. तसलं काही वाचायला आला असाल तर इथेच थांबा. लस चांगली आहे. माझं भांडण त्या कागदाशी आहे, आणि त्याहून जास्त, कागद मागून स्वतः मोकळं होणाऱ्यांशी आहे.

*

मी मूळचा घोडेगावचा. आंबेगाव तालुक्यातलं नव्हे हो, नेवासा तालुक्यातलं. नगर-औरंगाबाद रस्त्यावरचं (आता सरकारी कागदांवर अहिल्यानगर आणि छत्रपती संभाजीनगर, पण एसटीत बसल्यावर तोंडात येतं तेच लिहितोय). पुण्यातल्या मित्रांना गाव सांगितलं की "अच्छा, शनी शिंगणापूरचा फाटा!" एवढीच ओळख पटते. पण आमच्या भागातल्या शेतकऱ्याला विचाराल तर तो म्हणेल, घोडेगाव म्हणजे कांदा आणि म्हशींचा बाजार. शुक्रवारी जनावरांचा बाजार भरतो. टेम्पो भरभरून म्हशी येतात, गाई येतात. कुठून कुठून येतात, रात्रभर प्रवास करून दमलेल्या असतात, आणि एका शेजारी एक अशा उभ्या राहतात. शिंगाला शिंग, नाकाला नाक, एकच पाण्याची टाकी.

माझ्या वडिलांनी एकही जंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेला नाही. पण बाजारातून नवी म्हैस आणली की आप्पा तिला थेट दावणीला बांधू देत नाहीत. "आधी तिकडं लांब बांध. दहा-पंधरा दिवस बघू खाती-पिती कशी, मग घे आत." तिची पाण्याची बादली वेगळी. धार काढायची ती आपल्या जनावरांची आधी, तिची शेवटी. हे त्यांना कुणी पीपीटी दाखवून शिकवलेलं नाही. लाळ्या-खुरकतात शेजारच्या गोठ्याची काय दशा झाली ते त्यांनी पाहिलंय, बस्स. गर्दीतून आलेलं जनावर गर्दीचा आजार घेऊन येतं, हे त्यांना पक्कं माहीत आहे.

२०२२ साली लम्पी आला तेव्हा हे सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. जनावरांचे बाजार बंद झाले. लम्पी मुख्यतः चावणाऱ्या माश्या, डास, गोचिडांमुळे पसरतो, केनेल कफसारखा खोकल्याच्या तुषारांतून नाही, तेव्हा आजार म्हणून दोघांची तुलना करत नाहीये. मला बोलायचंय ते बंदोबस्ताबद्दल. शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचली गेली, घरोघर जाऊन. पुढे वाहतूक सुरू करताना अट काय होती? जनावराच्या कानात बिल्ला हवा, तब्येतीचा दाखला हवा, आणि लस टोचून २८ दिवस झालेले हवेत. अठ्ठावीस! लस टोचली का एवढंच विचारलं नाही, कधी टोचली ते विचारलं. आता तर १ जून २०२४ पासून कानात बिल्ला नसलेल्या जनावराची बाजारात खरेदी-विक्री करायची नाही असा राज्याचा नियमच आहे. त्याची अंमलबजावणी कशी होते यावर वेगळं लिहिता येईल (आणि लिहिलं तर गावात जेवायला कोण घालणार हाही प्रश्न आहे :)). पण नियमामागचा विचार सरळ आहे. गर्दी जो भरवतो, विचारपूस त्याने करायची.

आता हाच विचार घेऊन कुत्र्यांच्या बोर्डिंगकडे बघा.

*

त्याआधी हा आजार काय आहे ते जरा नीट समजून घेऊ, कारण 'केनेल कफ' या नावानेच अर्धा घोळ केलाय. हा एक आजार नाही. बोर्डेटेला ब्रॉन्किसेप्टिका हा जीवाणू, पॅराइन्फ्लुएन्झा आणि अॅडिनोव्हायरस-२ हे विषाणू, मायकोप्लाझ्मा, कुत्र्यांचा श्वसनमार्गाचा कोरोनाव्हायरस (आपला कोविडवाला नव्हे), कधी कधी इन्फ्लुएन्झा - यातले एक-दोन किंवा तीन-चार मिळून कुत्र्याच्या घशाला आणि श्वासनलिकेला धरतात. लागण झाल्यापासून दोन दिवस ते दोन आठवड्यांत कधीही खोकला सुरू होतो. खोकला म्हणजे आपल्याकडे ज्याला ढास लागणं म्हणतात तसला. कोरडा, ठसक्याचा, हाड अडकल्यासारखा, आणि शेवटी ओकारी काढून पांढरा फेस. गळपट्टा ओढला गेला की अजून जोरात.

बोर्डेटेला हे नाव ज्यूल्स बोर्डे या बेल्जियन शास्त्रज्ञावरून पडलं. त्याने १९०६ साली माणसांच्या डांग्या खोकल्याचा जंतू शोधल्याचं जाहीर केलं. कुत्र्याचा हा जंतू त्या डांग्या खोकल्याच्या जंतूचा सख्खा नातेवाईक. आपल्या प्रत्येकाला लहानपणी त्रिगुणी लस टोचली, त्यातला एक गुण याच डांग्या खोकल्यावरचा. "कुत्र्याच्या खोकल्याला कसली लस" म्हणून हसणाऱ्यांनी स्वतःच्या दंडावर आईने केलेल्या हळदीच्या लेपाची आठवण काढावी.

हसणाऱ्यांत आमचे तात्या पहिले. मी मागे गावी गेलो असताना हा विषय निघाला तर म्हणाले, "खोकल्याला लस? आता कुत्र्याला चष्मा पण लावा लेको." सगळा गोठा हसला. तात्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, ते पुढे सांगतो.

बहुतेक धडधाकट कुत्री एक ते तीन आठवड्यांत आपोआप बरी होतात. अँटिबायोटिकचीही दर वेळी गरज नसते, ती डॉक्टरांनी ठरवायची. पण पिल्लू असेल, म्हातारा कुत्रा असेल, पग किंवा शिह त्झूसारखं चपट्या नाकाचं असेल, तर हाच खोकला छातीत उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणजे तुमच्या लॅब्राडोरला जे आठ दिवसांचं दुखणं, तेच शेजारच्या पिंजऱ्यातल्या तीन महिन्यांच्या पिल्लाला जिवावरचं. "होतो बरा आपोआप, कशाला लस" म्हणणाऱ्या माझ्या सुशिक्षित मित्रांना हे कळत नाही असं नाही. ते फक्त स्वतःच्या कुत्र्याचा हिशोब करतात.

आणखी एक. कुत्रा खोकतोय म्हणजे केनेल कफच आहे, हे घरबसल्या ठरवू नका. १९१० च्या सुमारास अमेरिकेत फेरी नावाच्या संशोधकाला आजारी कुत्र्यांत हा बोर्डेटेला सापडला आणि त्याला वाटलं हाच डिस्टेंपरचा जंतू. त्याच्या काही वर्षं आधी, १९०५ मध्ये, फ्रान्सच्या कारेने डिस्टेंपर विषाणूमुळे होतो असं सांगितलं होतं, पण ते सगळ्यांच्या गळी उतरायला लेडलॉ आणि डंकिन या इंग्लंडमधल्या जोडीचे १९२० च्या दशकातले प्रयोग लागले. म्हणजे एक मारक आजार आणि एक चिवट खोकला यांच्यात शास्त्रज्ञांची गल्लत बरीच वर्षं चालली. कारण डिस्टेंपरची सुरुवातही खोकला, शेंबूड, ताप अशीच होते. झटके नंतर येतात. ज्या कुत्र्याला सेव्हन-इन-वन वेळेवर मिळालेली नाही, त्याच्या बाबतीत "खोकलाच तर आहे" हे वाक्य उच्चारायचा हक्क तुम्हाला नाही.

आणि त्याहून वाईट शक्यता. रेबीजमध्ये कुत्र्याचा घसा लुळा पडतो, गिळता येत नाही, लाळ गळते, आणि बघणाऱ्याला वाटतं घशात हाड अडकलंय. मग घरातलं कुणीतरी मायेने तोंडात हात घालतं. रेबीजची लस नसलेल्या, अंगणात मोकळ्या फिरणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात 'अडकलेलं हाड' शोधायला हात घालायचा नाही. अजिबात नाही. कुत्र्याला बांधा, पशुवैद्यकाला बोलवा. हात गेलाच असेल तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि तडक सरकारी दवाखान्यात इंजेक्शन सुरू करा.

*

आता लशीबद्दल. पुण्या-मुंबईत साधारण जी मिळते ती नाकात थेंब टाकायची, जिवंत पण दुबळ्या केलेल्या जंतूंची. सुईपेक्षा नाकातली लस बरी, कारण आजार ज्या दारातून आत येतो तिथेच पहारा बसतो. एकच डोस, परिणाम साधारण वर्षभर. जिवंत जंतू असल्यामुळे दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या ज्या क्लिनिकच्या घाईत कुणी सांगत नाही. एक, कुत्र्याला तेव्हा अँटिबायोटिक चालू असेल तर लशीतला जीवाणूच मरतो, लस वाया. दोन, लस घेतलेला कुत्रा लशीतला तो दुबळा बोर्डेटेला सहा आठवड्यांपर्यंत बाहेर टाकू शकतो. निरोगी माणसाला त्याचं काही नाही. पण घरात केमोथेरपी चालू असलेलं किंवा प्रतिकारशक्ती खूप कमी झालेलं कुणी असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा.

लस काय करते? आजाराची शक्यता कमी करते, झालाच तर तो हलका करते. कवच वगैरे नाही. वर जी जंतूंची यादी दिली त्यातल्या दोघांविरुद्ध ती आहे. अॅडिनोव्हायरस-२ आणि पॅराइन्फ्लुएन्झा तुमच्या नेहमीच्या सेव्हन-इन-वनमध्ये बहुधा असतातच. मायकोप्लाझ्मा, तो दुसरा कोरोना, इन्फ्लुएन्झा - यांना या थेंबांचं काही देणंघेणं नाही. २०१५ साली शिकागोमध्ये हजाराहून जास्त कुत्री खोकून आजारी पडली, तो निघाला एच३एन२ इन्फ्लुएन्झा. केनेल कफचे कागद किती जणांच्या फायलीत होते याला काहीच अर्थ नव्हता. शेवटी लोकांनी डे-केअर आणि बोर्डिंगपासून कुत्री लांब ठेवली, तो उपाय कामाला आला.

म्हणूनच जागतिक पशुवैद्यक संघटनेच्या (वर्ल्ड स्मॉल अॅनिमल व्हेटरिनरी असोसिएशन) २०२४ च्या मार्गदर्शनात ही लस सर्वांनी घ्यायच्या यादीत नाही. डिस्टेंपर, अॅडिनो, पार्व्हो या सगळ्यांना. जिथे रेबीज आहे तिथे रेबीज सगळ्यांना, लेप्टोस्पायरोसिसचंही तसंच. केनेल कफ मात्र कुत्र्याचं राहणीमान बघून. कुत्रा कुठे जातो, किती कुत्र्यांत मिसळतो, त्यावर. हा शब्दशः आप्पांचा नियम आहे. बाजारात जाणाऱ्या जनावराची गोष्ट वेगळी, गोठ्यातल्या जनावराची वेगळी.

आपण काय करतो? कुत्र्याची जात बघतो. पॉमेरेनियन बाराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमधून खालीही उतरत नाही, त्याला दरवर्षी लस, कारण 'इम्पोर्टेड' लस आहे आणि आपण जबाबदार पालक आहोत. आणि जो इंडी कुत्रा दर शनिवारी टेकडीवर वीस कुत्र्यांत हुंदडतो, त्याला नाही, कारण "देशी कुत्री स्ट्राँग असतात". ही असली जातीवर आधारलेली रोगप्रतिकारशक्ती कुठल्या पुस्तकात आहे मला माहीत नाही. आपल्या समाजाच्या डोक्यात मात्र ती फार खोलवर आहे, आणि फक्त कुत्र्यांपुरती नाही. असो.

*

बोर्डिंगकडे येतो. मागच्या दिवाळीत माझ्या टीममधल्या एकाचा कुत्रा शहराबाहेरच्या एका बोर्डिंगमध्ये पाच दिवस होता. नाव लिहीत नाही, कारण त्या एकाला धरून काही होणार नाही. कुत्रा आणायला मीही बरोबर गेलो होतो. पत्र्याची शेड, दोन्ही बाजूंना जाळीचे कप्पे, मधल्या जाळीतून नाकाला नाक लागतंय, खिडक्या फटाक्यांच्या आवाजासाठी बंद केलेल्या, पाण्याच्या बादलीत एकच मग आणि तोच सगळ्या भांड्यांत. आत पाऊल टाकल्याबरोबर एका कोपऱ्यातून ढास ऐकू आली. मी विचारलं, तो खोकतोय त्याला वेगळं का नाही ठेवलं? उत्तर आलं, "सर, आमच्याकडे सगळे व्हॅक्सिनेटेड आहेत." आणि फाईल दाखवली. प्रत्येक कुत्र्याचं झेरॉक्स, प्लॅस्टिकच्या कव्हरात, जातीनुसार लावलेलं. फाईल खरंच सुंदर होती.

सहाव्या दिवशी मित्राचा कुत्रा खोकायला लागला.

बोर्डिंगवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, तुमची लस नीट लागली नसेल. बघा कसं आहे! कागद त्याच्या संरक्षणासाठी होता, कुत्र्याच्या नव्हे. लस हा सगळ्यात स्वस्त भाग आहे, कारण पैसे मालक देतो. शेडला समोरासमोर हवा खेळेल अशा खिडक्या काढायला पैसे बोर्डिंगवाल्याचे जातात. दोन कप्प्यांत जाळीऐवजी भिंत, खोकणाऱ्यासाठी लांबची वेगळी खोली, त्याला खायला घालणारा माणूस वेगळा, किंवा निदान सगळ्यात शेवटी घालणारा, दिवाळीत पंधरा कुत्र्यांच्या जागेत तीस न घेणं - या सगळ्याला त्याचे पैसे जातात. म्हणून ते कुणी करत नाही, आणि आपण दिवसाचे आठशे-हजार रुपये मोजणारे सुशिक्षित लोक ते विचारत नाही. आपण वेबसाईटवर स्विमिंग पूल आहे का ते बघतो. दिवसातून दोनदा कुत्र्याचा व्हिडिओ पाठवतील का ते विचारतो. आणि हो, कुत्रा कालपासून जरा ठसकतोय हे माहीत असताना "आता तिकिटं काढलीत रे" म्हणून गपचूप सोडून येणारेही आपल्यातलेच.

घोडेगावच्या बाजारात आजारी म्हैस मालिश करून, शिंगांना तेल लावून खपवणारे नमुने असतातच. पण तिथे निदान घेणारा तिच्या नाकपुड्या बघतो, चालवून बघतो, चारा टाकून खाते का बघतो. आपण एमआय स्कॅन करून रेटिंगचे तारे बघतो.

*

तात्यांचं अर्धं बरोबर आहे म्हटलं होतं. ते असं. आमच्या घरचा वाघ्या दोन वर्षांपूर्वीपर्यंत कुठल्याच लशीविना होता. गावातली बहुतेक राखणीची कुत्री आजही तशीच आहेत. कानात बिल्ला असलेल्या गाईला वर्षातून दोनदा लाळ्या-खुरकताची सरकारी लस टोचायला माणूस गोठ्यापर्यंत येतो. त्याच गोठ्याच्या दारात बसलेल्या कुत्र्याकडे तो बघतही नाही, कारण ते त्याच्या योजनेत नाही. आणि सणाला मोठ्या गाडीतून गावी येणारे आम्ही पुणेकर, ज्यांच्या कुत्र्याच्या पुस्तकात नऊ स्टिकर आहेत, आमच्या ब्रुनोला मोकळं सोडतो त्याच अंगणात. वाघ्याला रेबीजची लस द्यायचा खर्च केनेल कफच्या लशीच्या मानाने किरकोळ आहे. गेल्या दोन दिवाळ्या मी ती गावातच दिली, सेव्हन-इन-वनसकट. तात्या तेव्हा हसले नाहीत, उलट म्हणाले, मळ्यातल्या दोघांना पण टोचून घे.

भारतात रेबीजने दरवर्षी किती माणसं मरतात? जागतिक आरोग्य संघटना अठरा ते वीस हजार म्हणत आली आहे, अलीकडच्या भारतीय अभ्यासाचा अंदाज पावणेसहा हजारांच्या आसपास आहे. खालचा आकडा धरला तरी रोज पंधरा. आणि हे थांबवता येतं. शेजारच्या गोव्याने मिशन रेबीजबरोबर दरवर्षी लाखाच्या आसपास कुत्र्यांना, मोकाट आणि पाळीव दोन्ही, लस टोचली आणि २०२१ मध्ये ते रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं. तेव्हा ज्यांच्या गावच्या घरी, फार्महाऊसवर, साईटवर राखणीचं कुत्रं बिनलशीचं बसलंय, त्यांनी केनेल कफवर माझ्याशी वाद घालायला येऊ नये. आधी ते करून या.

*

पण तात्यांचं दुसरं अर्धं चूक आहे, आणि ते येत्या काळात जास्त महागात पडणार आहे. २०२५ साली सुप्रीम कोर्टात काय झालं आठवा. ११ ऑगस्टला दिल्ली परिसरातली सगळी भटकी कुत्री निवाऱ्यात टाका असा आदेश आला. २२ ऑगस्टला तो बदलून नसबंदी आणि लस करून सोडा, पिसाळलेली आणि आक्रमक तेवढी ठेवा, असं झालं. मग ७ नोव्हेंबरला देशभरातल्या शाळा, हॉस्पिटलं, एसटी स्टँड, रेल्वे स्टेशनं यांच्या आवारातली कुत्री उचला आणि निवाऱ्यात ठेवा, परत तिथे सोडू नका, असा आदेश निघाला. यावर आमच्या ऑफिसात दोन तट पडले, एकमेकांशी बोलणं बंद झालं, एकाने लंचचा ग्रुप सोडला. कुत्रा चावलेल्या मुलाच्या आईला काय वाटत असेल ते मला कळतं, आणि रोज खायला घातलेलं कुत्रं उचलून नेल्यावर काय वाटतं तेही. त्या भांडणात मी शिरत नाही.

मला फक्त एक विचारायचंय. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात पावणेतेरा लाखांच्या आसपास भटकी कुत्री होती. त्यातली थोडी जरी उचलायची म्हटली, तरी नगरपालिका ती ठेवणार कुठे? पत्र्याच्या शेडमध्ये. मी दिवाळीत पाहिली तशाच, फक्त स्विमिंग पूल नसलेल्या. जन्मभर मोकळ्या हवेत राहिलेली, कधी कुठली लस न मिळालेली, नसबंदीच्या ताणातून नुकतीच गेलेली, वेगवेगळ्या गल्ल्यांतून आणलेली कुत्री एका छपराखाली. केनेल कफ, डिस्टेंपर, पार्व्हो यांना याहून चांगला बाजार कुठे भरणार? नियमाने तिथे मिळते ती रेबीजची लस, आणि ती माणसांच्या भल्यासाठी आहे. ती हवीच. पण दारातून आत येतानाच सेव्हन-इन-वन आणि नाकातले थेंब, पहिले दोन आठवडे वेगळा कप्पा, खोकणाऱ्यासाठी वेगळी शेड, हे ज्याच्या अंदाजपत्रकात नाही तो निवारा नाही, ते फक्त मरणाचं ठिकाण रस्त्यावरून हलवून भिंतीआड नेणं आहे. कोर्टाच्या बाजूने असा नाहीतर विरोधात, हा खर्च टेंडरमध्ये लिहिलाय का, एवढा प्रश्न आपापल्या नगरसेवकाला विचारायला काय हरकत आहे? नाकातल्या लशीची खरी गरज या कुत्र्यांना आहे. बाराव्या मजल्यावरच्या पॉमेरेनियनला नाही.

बोर्डिंगवाल्यांनी मात्र टेंडरची वाट बघायचं कारण नाही. कागदावरची तारीख वाचा. लस घेऊन निदान एक आठवडा झालेला नसेल तर बुकिंग घेऊ नका, ओळखीचा असला तरी. खोकणारा कुत्रा दारातून परत पाठवा आणि त्याचे पैसेही परत करा, म्हणजे मालक लपवणार नाहीत. आत कुणी खोकायला लागला तर त्याच दिवशी सगळ्या मालकांना फोन करा. हे करणाऱ्याला मी दिवसाचे दीडशे रुपये जास्त द्यायला तयार आहे, आणि टीममधले अजून चौघं आहेत.

आणि ज्यांना गणपतीत जायचंय त्यांनी लंच ब्रेकची वाट बघू नका. तीन आठवडे आधीचा शनिवार कॅलेंडरमध्ये बघा, त्या दिवशी सकाळी क्लिनिक रिकामं असतं. पुस्तक बरोबर न्या आणि पहिल्यांदा रेबीजच्या पानावरची तारीख तपासा.